ताऱ्यांची सासू

बंदराच्या धक्क्यावरचे दिवे लावणं हे तिचं काम. पण समुद्रावर काही लुकलुकलं की लोक तिलाच हाक मारत. बोटीचा दिवा आहे की तारा, हे ती बघून सांगायची. एकदा तिला न विचारताच मंडळी अडलेल्या बोटीला वाचवायला धावली होती आणि शुक्राचा पाठलाग करून हात हलवत परतली होती. दुधाने तोंड पोळलेली ती माणसं तेव्हापासून तिच्या शब्दाशिवाय दोर सोडेनात. पाठीमागे मात्र तिला ‘ताऱ्यांची सासू’ म्हणत, कारण कुठलाच उजेड तिला सहजासहजी पसंत पडत नसे.

त्या संध्याकाळी तिच्याच नवऱ्याची बोट आली नव्हती. वारा वाढत चालला होता. शोधबोटीचा कप्तान दोर सोडणार, एवढ्यात धुरकट पश्चिमेला एक पिवळसर ठिपका दिसला. “आला गं माझा बाळ,” म्हणत सासूबाईंनी तिला मिठीच मारली. कप्तान दोर परत बांधू लागला. घरी येणाऱ्या बोटीला शोधायला कोण जातं?

तिने खांबाला गाल टेकवला, एक डोळा मिटला आणि ठिपका समोरच्या दिव्यांच्या विजेच्या तारेच्या रेषेत धरला. जवळ येणाऱ्या बोटीचा दिवा हळूहळू वर चढतो. मावळता तारा खाली उतरतो. चढ रे मेल्या, चढ, असं ती मनात म्हणत होती. आपलं चुकावं असं तिला आयुष्यात प्रथमच वाटत होतं. मागे लोक हसत-बोलत होते, कुणीतरी चहासुद्धा सांगितला होता. ठिपका तारेखाली गेला.

तिने डोळे पुसून पुन्हा पाहिलं. तो आणखी खाली होता.

“तारा आहे,” ती म्हणाली. मागच्या गलक्यात कुणाला ऐकू गेलं नाही म्हणून मोठ्याने म्हणाली, “शुक्र आहे तो. बोट काढा.”

कप्तान थबकला. “वहिनी, नीट बघा. तुमचाच माणूस आहे तिकडे.”

“म्हणूनच दोनदा बघितलं.”

सासूबाई तिच्यापासून दूर झाल्या. “घटकाभर सुखात राहू दिलं असतंस, तर काय जात होतं गं?”

“तुमचा मुलगा, आई.”

इंजिन सुरू झालं. सासूबाई अंगावरची शाल ओढून काढत धक्क्याच्या टोकाकडे धावल्या आणि सुटत्या बोटीत ती भिरकावली.

“त्याला गुंडाळा,” त्या म्हणाल्या. “त्याला गारठा सोसत नाही.”