उंबऱ्याबाहेरचं गाठोडं

"माझं गाठोडं! अहो, माझं गाठोडं कोणी नेलं? बोला ना कोणीतरी!"

आई जिन्यात उभी राहून ओरडत होती. नव्वद सालच्या आसपासची गोष्ट. ठाणं सोडून आम्ही डोंबिवलीत, कोपरला राहायला येऊन आठ दिवस झाले होते. तिच्या त्या आवाजाने उडालेले कावळे थेट ठाकुर्लीला जाऊन बसले आणि महिनाभर परतले नाहीत.

गाठोड्यात तिची जुनी पातळं होती आणि वडिलांची दोन धोतरं. वडील जाऊन वर्ष झालं होतं. माझ्या बायकोला आठवा लागला होता, आणि आईला बाळासाठी गोधडी शिवून घ्यायची होती, आतून आजोबांच्या धोतराची. शिवणाऱ्या बाई अकराला येणार, म्हणून तिने गाठोडं सकाळीच दाराबाहेर ठेवलं, आणि आंघोळ करून तिच्या दोन तासांच्या पूजेला बसली. ठाण्याला ती असंच ठेवायची.

ठाण्याचं काय सांगू! माजिवड्याच्या आमच्या बिल्डिंगीत कचऱ्याचे नियम लिहायला सेक्रेटरींनी बहुतेक दिल्लीहून घटनातज्ज्ञ आणले होते. भाजीची देठं बादलीत, कागद वेगळे, दुधाच्या पिशव्या धुऊन दोरीवर चिमट्याने वाळत. सफाईवाल्या मावशी बादलीबाहेरच्या काडीलाही हात लावायच्या नाहीत. एकदा माझी चप्पल बादलीत पडली, तर बेल वाजवून विचारतात, "दादा, ही ओली की सुकी?"

डोंबिवलीत एकच नियम. उंबऱ्याबाहेर दिसेल तो कचरा, झाडूवाला तो उचलून नेणारच. ठाण्याला शेजारचे काका दुपारभर दारात आरामखुर्ची टाकून घोरायचे. इथे घोरले असते तर खुर्चीसकट गेले असते.

हा नियम आम्हाला समोरच्या काकूंनी त्या दिवशी सांगितला. "अगंबाई, बाहेर ठेवलंत? बाहेर कोणी ठेवतं का!"

आई ओल्या केसांनीच नाक्यावरच्या कचराकुंडीकडे धावली. मी मागे. एरवी मी इथे सांगितलं असतं की गाय गाठोडं तोंडात धरून उभी होती. नव्हती. कुंडीतला कचरा झाडून नेलेला, तळाला नारळाची शेंडी आणि एक चिंधी. आई वाकली, चिंधी उलटीपालटी करून पाहिली. दुसऱ्याच कुणाची होती.

"आई, मी नवं धोतर आणतो. दोन आणतो."

"नवं बोचतं रे बाळाला," ती म्हणाली, आणि चिंधी तिने परत होती तशी ठेवली.

टपरीवर कचऱ्याच्या गाडीचा ड्रायव्हर चहा पीत होता. गाडी मागे उभी. आईने त्याला हात जोडले.

"दादा, गाडी कुठे रिकामी करता?"

"कल्याणला. खाडीवर."

"मग आज रिकामी करायच्या आधी जरा..."

त्याने बशीतला चहा संपवला.

"केली."