उष्टी हळद

नवरा गेला आणि मला नावांचा सुकाळ झाला. तहसिलात मी विधवा. लग्नपत्रिकेवर गं. भा., म्हणजे गंगा आणि भागीरथी. अख्ख्या नद्या माझ्या नावापुढे, आणि तेलगावात आमच्या नळाला आठवड्यानं पाणी! भेटायला येणाऱ्या बायकांची मी 'बिचारी'. बांधाच्या भांडणात शेजाऱ्यानं एकदा याच अर्थाचा एक ठेवणीतला शब्द हासडला, तेव्हा हातात खुरपं घेऊन मी त्याला पार डांबरी रस्त्यापर्यंत पिटाळला होता. पुन्हा त्यानं तो शब्द काढला नाही.

अशी मी तापट. पण यंदा लेकीच्या हळदीला मात्र माझं तोंड बंद झालं.

आमच्याकडं आधी नवरदेवाला हळद लागते आणि त्यातलीच उरलेली, उष्टी हळद नवरीकडं येते. ती सवाष्णींनी लावायची. थोरल्या जाऊबाईंनी सकाळीच मला दाराआड गाठलं.

"तू आत वांग्याच्या भाजीकडं बघ. लेकीचं बरं व्हावं वाटतं ना तुला?"

एरवी मी त्यांना सोडलं नसतं. आमच्या दोघींचा जन्म भांडण्यात गेलाय. पण या वाक्यापुढं मी डाव उचलून चुलीकडं वळले, कारण मलाही तीच भीती होती. माझ्या हाताची हळद लागली आणि उद्या पोरीच्या संसारात काही वाकडं झालं तर? लोकांचं सोडा, मीच मला माफ केलं नसतं. मी भाजी ढवळत राहिले. चुलीजवळून मांडवात पाटावर बसलेल्या लेकीची पाठ तेवढी दिसत होती. लहानपणी रोज घासूनपुसून न्हाऊ घातलेली पाठ. आज तिला बाकी सगळ्यांचे हात लागणार होते. मला फार रडू आलं.

तेवढ्यात आष्टीहून नवरदेवाकडची जीप आली. हळदीची वाटी घेऊन उतरल्या त्या आमच्या विहीणबाई. त्यांचाही नवरा बऱ्याच वर्षांपूर्वी गेलेला, म्हणून त्या घरीच थांबतील असं आम्ही सगळेच धरून चाललो होतो.

"इहीनबाई कुटं हायेत?" त्यांचा आवाज खणखणीत.

"आत हायेत. भाजीपाशी," जाऊबाई म्हणाल्या.

"कावून? भाजी काय पळून चाललीय?"

त्या तडक आत आल्या आणि माझ्या हातातला डाव काढून घेतला.

"आमच्या पोराला पयली हळद मीच लावली. ठणठणीत हाय बघा. नुसता लाजायलाय. चला, पोरगी वाट बघायलीय."

"मला भ्या वाटतंय हो," मी हळूच म्हणाले.

"मला न्हाई वाटलं व्हय? तरी लावली."

त्यांनी माझा हात धरून मला मांडवात नेलं. गाणी थांबली. जाऊबाई पाटाशेजारीच बसल्या होत्या. आता त्यांचं तोंड सुटणार, म्हणून मी पदर खोचला. त्यांनी विहीणबाईंकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि अंग चोरून जागा केली. लेकीनं वर बघितलं अन् दोन्ही गाल पुढं केले.

मग काय! गाल, कपाळ, कान, मान, दंड. हात थांबेचनात. बायका खिदळायला लागल्या, पोरगी "आई, बास गं" म्हणून ओरडत होती, आणि मला इतका आनंद झाला होता की वाटी संपली तेव्हा वाईट वाटलं.

फोटोवाला वैतागला. "मावशी, बाजूला व्हा, नवरी दिसंना. नवरीच्या आईला बोलवा कुणीतरी."

"डोळे फुटले का रं तुझे?" जाऊबाई कडाडल्या. "हीच हाय नवरीची आय!"

आत भाजी करपल्याचा वास सुटला होता. कुणीच उठलं नाही.