नकार न ऐकणारे वकीलसाहेब

शुक्रवार, जानेवारी २००९. शारजातल्या अल मजाजमधलं आमचं घर. हजर: मी, माझे मिस्टर आणि वकीलसाहेब.

वकीलसाहेबांनी वकिली कधीच केली नाही. कोल्हापुरात एलएलबी झाले आणि शारजात एका कंत्राटदाराकडे व्हिसाची कामं बघत राहिले. बायको वारलेली, मुलगी पुण्यात आजोळी. शुक्रवारचा नाश्ता आमच्याकडे. गावच्या जमिनीचा विषय निघाला की चष्मा कपाळावर जायचा.

"एकोणिसाव्या शतकातला हायकोर्टाचा निकाल आहे. वाटा मागितला, नकार आला आणि तो आपल्याला कळला, की तिथून बारा वर्षं. त्यानंतरचा दावा उशिराचा."

"आणि मागितलाच नाही तर?" मिस्टर विचारायचे.

"मग नकार कसला, हबीबी? घड्याळ सुरूच नाही."

राजापूरचं घर आणि कलमांची बाग वकीलसाहेबांच्या थोरल्या भावाच्या ताब्यात होती. नाश्ता झाला की दादाला फोन. मोहोर, बीपी, वहिनींचे गुडघे, सगळी चौकशी व्हायची. वाट्याबद्दल अवाक्षर नाही. दादा तिकडे वळतोय असं वाटलं, की "आवाज येत नाही रे" म्हणून फोन खाली. आम्ही हसायचो.

त्या जानेवारीत त्यांची कंपनी बंद पडली. व्हिसा रद्द झाला. परत जायचं तर कुठे, एवढंच ठरायचं होतं.

"आता तरी विचारा," मी म्हटलं.

त्यांनी फोन स्पीकरवर लावला. "दादा, इथलं खलास झालं. मी येतोय."

"ये की. किती दिवस?"

आवाज स्वच्छ येत होता. "बघू," म्हणाले आणि फोन ठेवला. पोह्यांतले शेंगदाणे बराच वेळ ताटलीच्या कडेला सारत बसले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "हा नकार नव्हे हं, वहिनी."

राजापूरला ते पाहुण्यासारखे राहिले आणि लवकरच कोल्हापुरात भाड्याच्या खोलीत गेले. तिथेच वारले. वाटा शेवटपर्यंत मागितला नाही.

आता त्या फोनला बारा वर्षं केव्हाच उलटलीत. त्यांच्या मुलीने वाट्यासाठी दावा लावलाय. तिचा चुलतभाऊ, दादांचा मुलगा, म्हणतो, काकांना तेव्हाच फोनवर नाही सांगितलं होतं, मुदत संपली.

"काकू, तुम्ही तिथे होतात ना?" ती फोनवर म्हणाली. "ऐकलंत तेवढं लिहून द्या."

दादांचं वाक्य मी जसंच्या तसं लिहिलं. तिच्या वकिलाने खाली आणखी एक विचारलंय: त्यावरून वकीलसाहेबांना काय समजलं? वाटा मिळणार नाही हे त्यांना समजलं होतं म्हटलं, तर पोरीचा दावा उशिराचा ठरतो. मिस्टर रोज विचारतात, झालं का लिहून. ते उत्तर अजून लिहायचं आहे.