पाहुण्यांसाठी केलेला नियम

नातवंडांनो, हे मी तुम्हाला मराठीत लिहिते आहे. वाचायला वेळ लागेल, लागू दे. मला स्वतःला इंग्रजी जास्त सोपं जातं. शाळा कॉन्व्हेंटची, आणि पुढे नोकरीभर मी ऑफिसात इंग्रजी पत्रांचे मसुदेच केले. ही हकीकतही आधी इंग्रजीत लिहायला घेतली होती, पण दुसऱ्या पानावर माझीच बाजू इतकी चांगली दिसायला लागली की मी ते कागद फाडून टाकले.

आमच्या समोरचा आपलाच दुसरा फ्लॅट तुम्हाला ठाऊक आहे. दर डिसेंबरला तुम्ही तिथे उतरता, आणि तुमची पुस्तकं नि पोहण्याचे चष्मे तिथल्या कपाटात असतात. त्याआधी नऊ वर्षं तिथे एक शिक्षक जोडपं भाड्याने राहत होतं. त्यांची मुलगी माझ्याकडे इंग्रजी शिकायला यायची. तुम्ही दर वर्षी येणार असं ठरलं तेव्हा मी त्यांना फ्लॅट सोडायला सांगितलं. ते नायगावला गेले. तुमचे तीन आठवडे सोडले तर फ्लॅट रिकामाच, म्हणून तुमच्या बाबाने त्याचे फोटो काढून नेटवर टाकले: दोन दिवस, चार दिवस राहणाऱ्यांसाठी. यात तुमचा काही दोष नाही. रिकामी खोली पाहून अस्वस्थ होणारी मी होते.

पाहुणे येऊ लागले. कुणी लग्नाला, कुणी उत्तनच्या किनाऱ्यावर. लिफ्टमध्ये वाळू पडायची, जिन्यात चाकांच्या बॅगा खडखडायच्या. तळमजल्यावरचे गुजराती काका मला म्हणाले, "बेन, तुमच्या गेस्टना गुडमॉर्निंग करून करून थकलो. आज ओळख झाली की उद्या माणूसच बदललेला!" ते हसत म्हणाले. इतर लोक हसत नव्हते. मीटिंगमध्ये एकीने सरळच सुनावलं, "सेक्रेटरीच्याच घरात लॉज उघडलाय, मग आम्ही तक्रार कुणाकडे करायची?"

होय, सोसायटीची सेक्रेटरी मीच होते. बहुतेकांचं म्हणणं होतं की थोड्या दिवसांसाठी फ्लॅट देणं बंदच करावं. मी म्हटलं, बंदी कशाला, शिस्त आणू. आणि त्याच आठवड्यात इंग्रजीत नियम लिहून आणला. बाहेरचा जो कोणी इमारतीत मुक्कामाला येईल, त्याने गेटवर फॉर्म भरायचा: नाव, आधार कार्ड, कुणाकडे उतरणार, आल्याची तारीख, जाण्याची तारीख. पंधरा दिवसांपेक्षा जास्त राहायचं असेल तर कमिटीची लेखी परवानगी. सर्वांना सारखा नियम. लोकांना तो पटला. माझ्या इंग्रजीचं कौतुकही झालं.

'सर्वांना' हा शब्द मी का घातला, ते आता सांगते. नियम फक्त पैसे देऊन राहणाऱ्यांसाठी केला असता तर तो इमारतीतल्या एकाच फ्लॅटला लागू झाला असता, माझ्या. मग चर्चा पुन्हा बंदीवर आली असती. सर्वांचं नाव पुढे केलं आणि माझा फ्लॅट त्या गर्दीत दिसेनासा झाला.

तिसऱ्या मजल्यावर एक बाई राहते. परभणीकडची, पोस्टात नोकरीला. तुम्हाला तिच्या हातच्या शेंगदाण्याच्या चटणीची बाटली दर वर्षी मिळते. तिच्याकडे गावची माणसं सारखी येतात: कुणाची परीक्षा, कुणाचं ऑपरेशन. कोण आलं, किती दिवसांसाठी आलं, याची तिने कधी चौकशी केलेली मी ऐकली नाही. पावसाळा संपता संपता तिने मला जिन्यात गाठलं. "काकू, आईला आणतेय. गळ्याला गाठ निघालीय. सहा आठवडे रेडिएशन सांगितलंय, रोज जायचं."

म्हणजे ती येणार हे मला माहीत होतं.

ती आली त्या दुपारी लेक कामावर होती. आईला गावाकडच्या एका माणसाने रिक्षातून गेटपाशी सोडलं आणि तो गेला. गेटवरून वॉचमनचा इंटरकॉम आला. "मॅडम, एक बुढी औरत है. आधार गाव में रह गया बोलती है. जाने का तारीख भी नहीं बता रही."

मी गॅलरीतून खाली पाहिलं. बारीकशी बाई, डोक्यावर पदर, मांडीवर कापडी पिशवी, वॉचमनच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत अंग चोरून बसलेली. मी म्हणू शकले असते, सोडा वर. मी म्हटलं, "तारीख लिहून घ्या. नियम सगळ्यांना सारखा."

मी अजून गॅलरीतच होते. तेवढ्यात एक टॅक्सी आली. माझे पाहुणे होते, तरुण जोडपं. त्यांनी मोबाइल पुढे केला. त्यात आधार होतं, बुकिंग होतं, दोन्ही तारखा होत्या. मिनिटभरात ते आत गेले. त्यांच्या बॅगांना वाट मिळावी म्हणून म्हातारी खुर्चीतून उठून बाजूला उभी राहिली.

लेक धापा टाकत आली, तिने काहीतरी तारीख लिहिली, पंधरा दिवसांच्या आतली, आणि आईला वर नेलं.

तेराव्या दिवशी ती परवानगीचा अर्ज घेऊन माझ्याकडे आली. मी तो नीट वाचला आणि म्हटलं, "डॉक्टरांच्या कागदाची झेरॉक्स जोड. रविवारी कमिटी बसेल. फॉर्मॅलिटी आहे गं फक्त." ती म्हणाली, "काकू, आईला कळू देऊ नका. तिला असलं लागतं मनाला." मी कुणाला काही बोलले नाही. पण झेरॉक्ससाठी ती घरात फाइल शोधायला लागली तेव्हा आईने विचारलंच, कागद कशाला? आणि तिला सांगावं लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला खाली त्यांच्या घरी बोलावणं आलं. पिशवी भरून दारापाशी ठेवलेली होती.

"आई, अजून चार आठवडे राहिलेत," लेक म्हणत होती. "मधेच सोडलं तर डॉक्टर काय म्हणतील?"

"लेकीच्या घरी ऱ्हायला मला दुसऱ्याची चिठ्ठी लागती व्हय?" म्हातारी म्हणाली. मग मला पाहून तिने पदर सारखा केला. "या बाई, बसा. तुमास्नी नाही म्हनत मी. पर आमच्याकडं दारात आलेल्याला कवा जानार म्हनून कुनी इचारत नाही. पाव्हन्याला इचारलं की त्यानं उठावं, अशी रीत हाय."

मी समजावलं. परवानगी मिळणारच आहे, मीच सही करणार आहे, असंही सांगितलं. तिने मान हलवली, चहा करायला लावला आणि माझ्या हातात कप देऊन सांगितलं, "सही केली तरी इचारलं ते इचारलंच की." दुपारी ती लेकीबरोबर गावी गेली.

रविवारी कमिटीपुढे मी नियम बदलायचा प्रस्ताव मांडला. नातेवाइकांना फॉर्म नाही, तारीख नाही, मुदत नाही. फक्त पैसे घेऊन ठेवलेल्या पाहुण्यांसाठी कडक अटी, आणि महिन्यातून एकापेक्षा जास्त वेळा फ्लॅट द्यायचा नाही. सगळ्यांनी हात वर केले. तळमजल्यावरचे काका म्हणाले, "आपलं नुकसान करून घेतलं बेनने, मोठं मन लागतं." टाळ्या वाजल्या. मूळ नियम मी काय लपवायला तसा लिहिला होता, हे तिथे सांगायची वेळ होती. मी आभार मानले आणि पुढचा विषय घेतला, पाण्याच्या टाकीचा.

फ्लॅटचे फोटो मी नेटवरून काढून टाकायला लावले आहेत. त्यात आता कायमचं कुटुंब ठेवणार आहे, तेव्हा या डिसेंबरला तुम्ही माझ्या हॉलमध्ये गाद्या टाकून झोपाल.

म्हातारीची ट्रीटमेंट मध्ये तुटली. मग तिच्या मुलाने तिला जिल्ह्याच्या गावी दाखवलं, पुन्हा तपासण्या झाल्या, पुन्हा सुरुवात झाली. मधला खंड किती महागात पडेल हे तिथले डॉक्टर अजून नक्की सांगत नाहीत. लेक भेटली की मी विचारते. ती म्हणते, "चाललंय काकू."

गेल्या आठवड्यात मी लेकीकडून नंबर घेऊन म्हातारीला स्वतः फोन केला. आवाज खूप बसला होता, दोनदा विचारावं लागलं. नियम बदलला आहे, तुम्ही या, हवं तितकं राहा, असं मी म्हटलं. ती म्हणाली, "आता हितंच बरं. तुमी मनाला लावून घिऊ नका, बाई. तुमचं काय चुकलं? सगळ्यास्नी सारखा नेम, तर तुमी तरी काय करनार?"

मी तिला काळजी घ्या म्हटलं आणि फोन ठेवला. तो नियम सगळ्यांसाठी नव्हताच, माझ्यासाठी होता, एवढं एक वाक्य तिला सांगायला हवं होतं. तिने मला माफ केलं ते तिला खोटंच माहीत आहे म्हणून. उद्या मी पुन्हा फोन लावणार आहे. तिचा आवाज आहे तोवर लावायला हवा.