टॉवेल-टोपीचा पुरावा

ते प्रकरण आठवलं की आजही माझं डोकं चक्रावतं. पोलीस खात्यात अख्खी हयात गेली, खून पाहिले, दरोडे पाहिले. पण नेमकं चुकलं कोण, हेच शेवटपर्यंत नीट न कळलेलं प्रकरण हे एकच.

तेव्हा मी तीर्थपुरीच्या बाजूच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. सोमवारची हजेरी आटोपून बसलो तोच बसस्टँडवरच्या माझ्या खबऱ्याचा फोन आला. जवळच्या खेड्यातले एक बापू काशीयात्रेच्या नावाखाली दोन ट्रॅव्हलवाल्यांना गंडवताहेत आणि बुधवारी पन्नास माणसं घेऊन निघणार आहेत, अशी त्याची खबर. फोन ठेवतो न ठेवतो, तर जालन्याचा एक तरुण लेखी तक्रारच घेऊन दारात उभा.

हा तरुण नोकरदार घरातला. एमआयडीसीतल्या बियाण्याच्या कंपनीतली नोकरी सोडून त्याने सहलींचा धंदा मांडला होता. या धंद्यात गाडी मिळते, हॉटेल मिळतं. मिळत नाही तो गावातली माणसं गोळा करून देणारा भरवशाचा माणूस. असा माणूस शोधत त्याने खेडी पालथी घातली, तेव्हा कुठे बापू सापडले. बापूंचं अर्धं आयुष्य मेंढरांमागे गेलेलं, आता थोडी शेती. दरवर्षी पंचक्रोशीतली म्हातारी माणसं घेऊन ते देवाला जात. बापू निघताहेत म्हटलं की लोक दुसरं काही न विचारता पिशवी भरत.

तरुणाने मोबाईलमधला फोटो दाखवला. त्याच्या स्वतःच्या डोक्यावर टोपी, खांद्यावर टॉवेल, हातात नारळ आणि शेजारी हात जोडलेले बापू. सौदा पक्का झाल्याचा हा फोटो आहे, असं त्याचं म्हणणं. तो पाहूनच काशीच्या त्याच्या पार्टनरने खोल्या अडवून ठेवल्या होत्या, आणि आता कानावर येत होतं की गाडी दुसऱ्याचीच जाणार.

दुपारी तो दुसराही आला. छत्रपती संभाजीनगरचा, धंद्यात मुरलेला एजंट. त्याच्याकडेही फोटो. तशीच टोपी, तसलाच टॉवेल, तेच बापू. त्याच पन्नास माणसांसाठी त्यानेही काशीत खोल्या अडवलेल्या. म्हातारा चांगलाच पोहोचलेला दिसतो, असं मी मनाशी म्हटलं आणि गाडी पाठवून बापूंना बोलावून घेतलं.

बापू धोतर सावरत बाकावर बसले. मी जरा आवाज चढवूनच विचारलं की गाडी कोणाची ठरवली.

"अजून कोणाचीच न्हाई, साहेब. उद्या देवळात सगळे बसून ठरवणार हाव."

"मग या दोघांना हो का म्हणालात?"

"हो कुठं म्हणलो? बघू, येऊ तुमच्याच गाडीनं, असं म्हणलो. दारात आलेल्या पाहुण्याला तोंडावर न्हाई कसं म्हणावं?"

जबाब लिहिणारा हवालदार पेन थांबवून माझ्याकडे बघू लागला. 'हो' लिहायचं की 'नाही', हे मलाही सांगता येईना. तासभर तेच प्रश्न, तीच उत्तरं. शेवटी मी वैतागलो. बापूंना तसंच बाकावर बसवून ठेवलं आणि त्यांच्या घरी काही कागद सापडतात का, हे बघायला निघालो. त्या दिवशी गावचा बाजार होता. ठाण्यासमोरून जाणारा प्रत्येक माणूस आत डोकावून बापूंना पाहत होता, पण त्याचं मला काही वाटलं नाही.

घरी बापूंची बायको होती. तिने आधी पाणी दिलं, मग चहा. माझ्या निम्म्या प्रश्नांना "त्येंनाच विचारा" एवढंच उत्तर. कागद काही नव्हतेच. मी उठलो, तशी ती आत गेली आणि पेटीतून टॉवेल, टोपी आणि नारळ घेऊन आली. नवरा ठाण्यात बसलेला, आणि बसवणाऱ्याचा ही मान करत होती. मी नको नको म्हणत मागे सरलो.

"पैल्यांदा घरी आले, साहेब. रिकाम्या हातानं कसं जाऊ द्यावं?"

मी टोपी घातली. बरोबरच्या शिपायाने सवयीने मोबाईल काढून फोटोही घेतला, आणि तिथेच माझी ट्यूब पेटली. लाज वाटली ती याची, की ही रीत मला काही नवी नव्हती. यात्रेचा बंदोबस्त झाला की असे टॉवेल-टोपी मी कितीदा घेतलेले. पण तीच गोष्ट तक्रारी अर्जाला जोडून टेबलावर आली, तेव्हा मला ती पुरावा दिसली.

ठाण्यात परतून मुरलेल्या एजंटाला धरलं, तर तो हसायलाच लागला. रीत त्याला ठाऊक होती, पण काशीवाल्या पार्टनरला काय ठाऊक? काहीतरी दाखवल्याशिवाय तो खोल्या अडवत नाही, म्हणून फोटो पाठवून दिला. जालन्याचा तरुण मात्र खाली मान घालून बसला. शहरात वाढलेल्या त्याला तो खरोखरच सौदा वाटला होता. एजंटाचा राग यावा, तरुणाची कीव यावी की स्पष्ट नाही न म्हणणाऱ्या बापूंना दोष द्यावा, मला काही कळेना. फसवणुकीचा गुन्हा घडलेला नव्हता, एवढं मात्र नक्की. तशी नोंद स्टेशन डायरीला घेऊन तिघांनाही घरी पाठवलं.

मंगळवारी देवळात बैठक झाली आणि लोकांनी त्या तरुणाची गाडी ठरवली. बुधवारी सकाळी मी मुद्दाम निरोप द्यायला गेलो. माणसं गाडीत बसली होती, बापू खालीच उभे होते. हातात पिशवी नव्हती. तुम्ही येत नाही का, असं मी विचारलं.

"न्हाई, साहेब. बाजाराच्या दिवशी सांजपर्यंत ठाण्यात बसल्तो. लोकं तोंडावर काही म्हणत न्हाईत. पण पोलिसानं बसवलेल्या माणसाच्या मागं देवाला कोण येईल?"

मी गाडीत चढून सगळ्यांना खरं काय ते सांगतो, असं म्हणालो. त्यांनी माझा हात धरला.

"राहू द्या. तुम्ही सांगितलं म्हंजी मंग गाडीत तीच गोष्ट काशीपर्यंत चालंल."

गाडी गेली. त्यानंतर बापूंनी कधीच माणसं नेली नाहीत.

चौकशी म्हणजे शिक्षा नव्हे, असं आम्हाला प्रशिक्षणात शिकवलं होतं. गावात तसं नसतं, हे मला इतक्या उशिरा कळलं. पुढे निवृत्त होईपर्यंत वयस्कर माणसाला ठाण्यात बोलावण्याआधी मी स्वतः त्याच्या घरी जात असे. बापूंच्या घरी मात्र परत जायचं धाडस मला झालं नाही.