शब्दांवाचून घेतलेली चाल

राळेचा वास आला की माझ्या डाव्या हाताची बोटं आजही आपोआप आत वळतात. परवा दिंडोशीला भाचीकडे गेले होते. तिची मुलगी व्हायोलिन शिकते. खिडकीतल्या उन्हात बसून ती गजाला राळ घासत होती. पांढरी पूड उडाली, तो कोरडा, किंचित कडवट वास नाकात शिरला आणि मी चहा तसाच ठेवून मूठ आवळून बसले. "आजी, हात दुखतोय का?" पोरीनं विचारलं. मी नाही म्हटलं.

ऐंशीच्या दशकातलं वाकोला आठवलं. गिरण्यांचा संप लांबला होता, बाबा घरी बसले होते, आणि त्यांची सोळा वर्षांची मुलगी चक्क व्हायोलिन शिकायला जात होती. आमचे सर सिनेमाच्या रेकॉर्डिंगमध्ये पहिल्या रांगेत वाजवलेले. ते सगळं सोडून दिवसा किनाऱ्यावरच्या बायकांच्या गाण्यांच्या चाली गोळा करत हिंडायचे, ग्रंथ लिहायचा होता त्यांना. आणि संध्याकाळी समाजमंदिराच्या खोलीत आम्हा चौदा पोरापोरींच्या वाद्यवृंदासमोर काठी घेऊन उभे राहायचे. काठी ठेका दाखवायला होती, आणि सूर हलला की तीच बोटांवर बसायची. एकदा माझं नख फुटून तारेवर रक्त आलं, तर म्हणाले, "पूस, आणि पहिल्यापासून घे." आई म्हणायची, मसणात गेला तो क्लास. तरी मी जायचे, कारण सरांनी गज टेकवला की मी बोटांचं दुखणं विसरायचे. असा माणूस इतका दुष्ट कसा, याचा मला भयंकर राग यायचा. आजही येतो.

सरांची एक पद्धत होती: चाल घ्यायची, शब्द घ्यायचे नाहीत. शब्द आले की लोक सूर ऐकत नाहीत, असं त्यांचं ठाम मत. खारदांड्याला एक म्हातारी कोळीण जवळा निवडताना गुणगुणायची. मी टेपरेकॉर्डर धरून बसले होते. ती गाऊ लागली, तर सर म्हणाले, "शब्द नकोत मावशी, नुसतं गुणगुणा." म्हातारी क्षणभर त्यांच्याकडे बघत राहिली, मग मान खाली घालून गुणगुणू लागली. तिचे हात भरभर चालले होते, म्हणून चालही भरभर चालली. सरांनी ती तशीच लिहून घेतली, आणि तिच्यावर चौदा वाद्यांची एक उसळती, नाचरी रचना बांधली.

पुढे दांड्यातल्याच एका कार्यक्रमात आम्ही ती वाजवली. ऊन कलायला आलं होतं. झकास वाजलं, खोटं कशाला बोलू. टाळ्यांचा ठेका धरला लोकांनी, पोरं नाचायला लागली. फक्त पुढच्या रांगेतल्या काही बायका पदर तोंडाला लावून बसल्या होत्या, आणि म्हातारी अर्ध्यातूनच उठून गेली. शेवटचा सूर संपला, सर नमस्कार करून स्वरलिपीच्या स्टँडवर डावा हात टेकून उभे राहिले, तेवढ्यात तिचा थोरला मुलगा वल्हं घेऊन वर चढला. "माझा भाऊ बुडाला त्याचं रडं हाय ते," तो म्हणाला. "माझ्या आयशीचं रडं. त्याच्यावर टाळ्या घेतोस?" आणि वल्हं त्या हातावर खाली आलं. हाड मोडल्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. मग दुसऱ्यांदा आलं. स्टँडचे तुकडे झाले, चेलो तुडवला गेला, स्वरलिपीच्या कागदांवर रक्त सांडलं. चार जणांनी त्याला मागे ओढलं तेव्हा तो लहान मुलासारखा रडत होता. मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते. मला आनंद झाला.

इस्पितळात हवालदार आला. "मंचावरून पडलो," सर म्हणाले. तीन बोटं पुन्हा वाकणार नाहीत, असं डॉक्टर नुकतेच सांगून गेले होते. म्हणजे व्हायोलिन संपलं होतं. हवालदार गेल्यावर त्यांनी मला जवळ बोलावलं.

"तू शेजारीच होतीस. ओरडली नाहीस."

मी त्यांची चादर सरळ केली.

"बरं वाटलं ना तुला?"

"हो सर."

"ती काय गातेय, हे मी एकदासुद्धा विचारलं नाही गं," ते म्हणाले, आणि भिंतीकडे वळले.

काठी पुन्हा त्यांच्या हातात दिसली नाही. उजव्या हाताच्या नुसत्या इशाऱ्यावर ते वाद्यवृंद चालवत राहिले. आम्ही सैलावलो, बेसूर झालो, दोन वर्षांत सगळं मोडलं. ग्रंथ मात्र निघाला. त्यात प्रत्येक चालीखाली शब्द आहेत, आणि ते कुणी, कशासाठी गायले तेही. म्हातारीची चाल त्यात नाही. पुढे मी जन्मभर वाजवलं. मार खाल्ला म्हणून घडलीस, असं कुणी म्हटलं की डोकं फिरतं माझं. मार खाऊनसुद्धा शिकले मी. सर गेले तेव्हा ढसाढसा रडले. इतक्या वर्षांत त्यांच्यावरचा राग उतरला, चढला, पुन्हा उतरला. वल्हं खाली आलं तेव्हाचा आनंद मात्र अजून माझ्यात तसाच ताजा आहे, आणि मला त्याची भीती वाटते.