आत्याबाईंचं रोजचं स्तोत्र

आमच्या आतेसासूबाईंइतकं देवाचे आभार मानणारं माणूस तापीच्या दोन्ही काठांवर सापडायचं नाही, आणि त्या आभारांनी दुसऱ्याला इतकं गोंधळात टाकणारंही नाही. शहाद्याजवळच्या आमच्या गावात ख्रिस्ती घरं मोजकीच, पण सकाळी आत्याबाई गायला लागल्या की केळीला पाणी भरणारी माणसंसुद्धा थांबून ऐकत. त्यांना अक्षर येत नव्हतं. मी बायबलातल्या स्तोत्राची एकेक ओळ वाचायची आणि त्या ती हळदीच्या नाहीतर जात्यावरच्या गाण्याच्या चालीत उचलायच्या. रोज एक स्तोत्र, ओळीने. दीडशे संपली की पुन्हा पहिलं. क्रम मोडायचा नाही. एकशे एकोणिसावं आलं की घरात सगळे आधीच शिळी भाकर शोधायला लागायचे, कारण ते संपता संपत नाही आणि ते संपल्याशिवाय चूल पेटत नाही. माझे मालक त्या दिवशी न सांगता शहाद्याला जात आणि एसटी स्टँडवर भजी खात.

नणंदेच्या लग्नाला नेमकं अठ्ठ्याऐंशीवं आलं. त्यात माणूस देवापुढे रडतो आणि शेवटपर्यंत अंधारच आहे. वऱ्हाडाच्या हातात बुंदी असताना आत्याबाई मंडपात उभ्या राहिल्या. पाळकसाहेब हळूच म्हणाले, "आत्याबाई, आज आनंदाचं एखादं घ्या ना."

"साहेब, आज यानाच नंबर शे. देवनं जे वाढं ते खावानं, ताटमातून निवडानं नहीं."

आणि ते रडणं त्यांनी हळदीच्या चालीवर असं म्हटलं की नवरदेवाकडच्या बायका टाळ्या वाजवू लागल्या. मी मान खाली घालून ओळी सांगत होते. हसावं की रडावं ते कळेना.

त्यांचे मालक गेले तेव्हा उलटंच झालं. दफनाच्या दिवशी अठ्ठ्याण्णवावं आलं. त्यात नद्या टाळ्या वाजवतात, डोंगर गातात. आत्याबाई खड्ड्याशी उभ्या राहून मोठ्याने गायल्या, आणि डोळ्यांतून पाणी वाहतंय. बायका एकमेकींना चिमटे काढू लागल्या. घरी आल्यावर मी विचारलं, "आत्याबाई, तुम्हले रडू येत व्हतं, मंग आनंदनं गाणं कसाले?"

"रडू मन्हं, गाणं देवनं. दोन्ही संगेच वनं, त्याले मी काय करू?"

दोन्ही एकदमच आले तर त्या काय करणार, यावर मी पुष्कळ विचार केला. अजून नीट कळलेलं नाही.

गेल्या उन्हाळ्यात त्यांना लकवा झाला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, बोलणं परत येईलच असं नाही. घरी आणल्यावर मी ओळ वाचली. त्यांनी तोंड उघडलं, नुसती घरघर आली. मग त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. दोन दिवस चहासुद्धा घेतला नाही. मी जवळ बसले की डावा हात माझ्या गळ्याला लावायच्या. काय हवंय ते मला कळत होतं. पण मी चर्चमध्ये नुसते ओठ हलवते. चारचौघांत मला माझं नावही धड सांगता येत नाही.

मालक म्हणाले, "म्हण ना व. अठे कोण ऐकी ऱ्हायनं?"

"आत्याबाई ऐकी ऱ्हायन्यात," मी म्हटलं.

तिसऱ्या सकाळी दार लोटून घेतलं आणि स्तोत्र म्हटलं. चाल हळदीची धरली होती, संपेपर्यंत जात्यावरची झाली. आत्याबाई अर्ध्या तोंडाने इतक्या हसल्या की खाट हलली. मग डाव्या हाताने गोधडीवर ठेका धरला, आणि मागून बशीभर चहा प्यायल्या. त्यांचं काहीच बरं झालं नव्हतं, तरी मला दिवसभर हलकं वाटत राहिलं. कशामुळे, ते देव जाणे.

आता रोज मीच म्हणते. पण त्यांच्या सगळ्या चाली मला येत नाहीत, आणि त्यांना सांगता येत नाहीत. अशा दिवशी मी स्तोत्र नुसतं वाचते. त्या डोळे मिटून पडतात. हात गोधडीवर चालूच असतो, माझ्या वाचण्याशी न जुळणाऱ्या ठेक्यात. ती चाल कोणती असेल, म्हणून मी मध्येच थांबून त्या हाताकडे बघत बसते.